ज्वारीचे कुलकुल

श्रावणात नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसला आणि आमच्या घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. एक माणसांचा, एक पेशंटचा. ही वाटणी मी केलेली नव्हती. भेटायला येणाऱ्यांनी ती आपण होऊन करून दिली. "त्यांचं वेगळं काढता ना?" हे विचारल्याशिवाय एकानेही चहा संपवला नाही. मग मीही काढत गेले. वेगळी भाजी, वेगळी आमटी, वेगळा डबा. दिवाळीत समोरच्या काकूंकडून फराळाचं ताट आलं, तेव्हा हे पेपर घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले आणि माझं आणि भेटायला आलेल्यांचं खाणं आटपेपर्यंत बाहेर आले नाहीत. पेपर सकाळीच वाचून झालेला होता.

डिसेंबर लागला तसे हे म्हणाले, "यंदा नाताळचा फराळ राहू दे. उगाच कशाला?"

आम्ही मराठी ख्रिस्ती. नाताळला केक असतो, पण आमच्याकडे खरा मान करंज्या, चकल्या आणि कुलकुलांचा. त्यातही ह्यांचा जीव कुलकुलांवर. मैद्याची बोराएवढी गोळी नव्याकोऱ्या फणीच्या दातांवर दाबायची, अंगठ्याने गुंडाळत आणायची, की रेघारेघांचा शिंपला तयार होतो. तो डालड्यात तळायचा आणि साखरेच्या पाकात घोळायचा. म्हणजे डॉक्टरांनी जे जे बंद केलं होतं, ते सगळं त्या एका शिंपल्यात गोळा झालेलं.

ह्यांच्या त्या 'उगाच'चा मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "फराळ होणार. आणि तुम्ही आमच्याबरोबर, आमच्याच ताटातलं खाणार. वेगळं काढणं बंद."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना मी बघते."

सदाशिव पेठेतच त्यांचा दवाखाना आहे, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा. डॉक्टरांनी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तळलेलं नको, मैदा नको, साखर नको. बाकीचं बेताने खुशाल खाऊ द्या."

"बाकी राहतं काय, डॉक्टर?"

"ते तुम्ही शोधा. मी आचारी नाही."

आभार मानून बाहेर पडले. तशीच मार्केट यार्डात जाऊन खजूर, तीळ आणि बदाम घेऊन आले. ज्वारीचं पीठ घरात होतंच, ह्यांच्या भाकऱ्यांसाठी.

केक सोपा गेला. कणीक, खजूर, पिकलेली केळी, बदाम. चांगला फुगला. करंज्या कणकेच्या केल्या आणि ओव्हनमध्ये भाजल्या. दिसायला जरा गंभीर दिसत होत्या, पण चवीला उत्तम. कुलकुलांनी मात्र माझी पार दमछाक केली. वाटलेल्या खजुरात ज्वारीचं पीठ मळलं आणि गोळी फणीवर दाबली, तर सगळी फणीच्या दातांतच बसली. टाचणीने ते पीठ कोरून काढता काढता मान धरली. पीठ वाढवलं, तर वळताना तुकडे पडले. नेट लावून कसेबसे वळलेले ओव्हनमध्ये घातले, तर बाहेर आली ती ढेकळं. एक उचललं, तर हातातच भुगा झाला.

हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ट्रेकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "राहू दे गं. दमलीस तू." थट्टा केली असती तर मी भांडले असते आणि बरं वाटलं असतं. त्या समजूतदारपणाने मला रडू आलं. गेले कित्येक महिने घरात सगळे एकमेकांशी असंच हळू बोलत होते, भिंतीपलीकडे कुणी झोपलं असल्यासारखं.

डोळे पुसले आणि ह्यांच्या जेवणाची भाकरी करायला घेतली. पातेल्यात पाणी उकळलं, परातीतल्या पिठात ओतलं, उलथन्याने कालवून झाकण ठेवलं. आणि झाकणावर हात असतानाच मी थांबले. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून तर तिला उकळतं पाणी लागतं. श्रावणापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी हेच करत होते. पण फराळ म्हटल्याबरोबर ज्वारीला मैदा समजून गार हातांनी मळायला बसले होते! बाई गं, अक्कल कुठे चरायला गेली होती?

भाकरी उरकली आणि लगेच खजूर पाण्यात उकळून गाळून घेतला. त्या गोड पाण्याला पुन्हा उकळी आणली, त्यात ज्वारीचं पीठ, भाजलेले तीळ, वेलदोडा आणि चमचाभर तेल घालून उकड काढली. गरम असतानाच तळहाताने मळली. गोळी फणीवर दाबली, अंगठा फिरवला आणि शिंपला सुटून आला. अखंड. रेघा स्पष्ट. मी अशी आरोळी ठोकली की समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "काही फुटलं का?"

"नाही हो, जमलं!"

"असं होय," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मांजरी गावाहून ताई आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरचा नाताळचा फराळ त्यांच्याच हुकमाने होतो. येताना मैदा, डालडा, साखर असा सगळा दारूगोळा घेऊन आल्या होत्या. टेबलावरचे माझे भाजलेले, तपकिरी कुलकुल बघून त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय? गोवऱ्या का?"

"कुलकुल. ज्वारीचे."

त्यांनी एक खाल्ला. बराच वेळ चावला. "त्याच्यापुरते चांगले आहेत. हे त्याचे वेगळे डब्यात भर. आल्यागेल्यासाठी मी नेहमीसारखे करते."

हे कोचावर बसून ऐकत होते. त्यांचा हात पेपरकडे गेला. तो हात मी पाहिला आणि माझा तोल सुटला.

"ताई, तुम्ही मोठ्या आहात, मैदा भिजवलात तर मी हात धरणार नाही. पण मग ताटं दोन होतील. एका ताटाभोवती आपण सगळे हसत बसू आणि दुसऱ्यासमोर तुमचा भाऊ एकटा बसेल. चालेल तुम्हाला?"

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यापुढे इतकं कधी बोलले नव्हते. ताईंनी भावाकडे बघितलं. तो पेपर उलटा धरून बसला होता. त्यांनी मैद्याची पिशवी उचलली, गाठ मारली आणि कोपऱ्यात सरकवली. हात धुतले, पदर खोचला आणि खाली बसल्या.

"फणी आण इकडे. तुझे सैल वळले गेलेत."

त्यांचे खरोखरच घट्ट आणि सुबक होत होते, आणि ते त्या मला दर पाच मिनिटांनी सांगत होत्या. मी आनंदाने ऐकून घेतलं.

नाताळच्या सकाळी उपासना आटपल्यावर चर्चच्या क्वायरमधली मंडळी घरी आली. हे त्यांच्यात खालच्या पट्टीत गातात, आजारपणानंतर त्या दिवशी पहिल्यांदा गायले होते. मधोमध एकच मोठी परात ठेवली. करंज्या, केक आणि कुलकुलांचा ढीग. कुणीतरी सवयीने म्हणालंच, "सर, तुमचं वेगळं कुठे आहे?"

"वेगळं कशाला?" हे म्हणाले. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही, पण मला कळलं. मान ताठ करून मी खोलीभर नजर फिरवली. लढाई जिंकून आल्यासारखं वाटत होतं आणि ते मी मुळीच लपवलं नाही. समोरच्या काकूही आल्या होत्या. एक कुलकुल खाऊन म्हणाल्या, "गोड जरा कमीच आहे." मग दुसरा घेतला. तिसरा घेताना म्हणाल्या, "वाईट नाहीत हो." आमच्या पेठेत यापुढचं प्रमाणपत्र अजून छापलेलं नाही.

मंडळी गेली. परातीत तीळ तेवढे उरले होते. ह्यांनी ते बोटाने टिपले आणि विचारलं, "अजून आहेत का गं?"

श्रावणापासून ह्यांनी मला गोळ्यांबद्दल विचारलं होतं, रिपोर्टबद्दल विचारलं होतं. खायला अजून आहे का, असं एकदाही विचारलं नव्हतं.

"संपले!" मी म्हटलं. इतक्या आनंदाने हा शब्द मी आयुष्यात कधी उच्चारला नसेल.

"मग बसलीस काय? पाणी ठेव."

नाताळच्या नव्या कपड्यांतच आम्ही तिघं पुन्हा स्वयंपाकघरात शिरलो. ह्यांनी खजूर निवडला, मी उकड काढली, ताई मळायला बसल्या. त्यांची नजर चुकवून ह्यांनी परातीतली एक गरम गोळी उचलली, तशी ताईंनी हातावर सणसणीत चापट मारली आणि ओरडल्या, "हावरटा, कच्चं खातोस? थांब की जरा!"

हे हात चोळत हसायला लागले. त्या स्टेंटनंतर ह्यांच्यावर कुणी ओरडलं नव्हतं.