हमीद मिस्त्रींचे दोन हात

हमीद मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरले की गॅरेजमध्ये कुणी बोलायचे नाही. खाली उभे राहून ते दोन्ही हात वर करायचे, मागच्या दोन्ही शॉकअपच्या दांड्या एकेका हातात धरायचे आणि डोळे मिटून सावकाश खाली-वर करत राहायचे. पहिल्या वेळी मी न राहवून विचारले, "झालं का?" खालून आवाज आला, "ताई, घरात दूध उतू चाललंय का?"

गाडी माझ्या वडिलांची. दोन माणसांची, बिनटपाची विलायती स्पोर्ट्स कार, वयाने माझ्याहून थोरली. तिचे मागचे शॉकअप आजच्यासारखे नळीचे नाहीत. लोखंडी डबी, आत तेल, बाहेर दांडी. चाक खड्ड्यात आदळले की दांडी उचलते आणि तेल तिला आवरते. स्क्रू फिरवून ती घट्ट किंवा ढिली करता येते, पण दोन्ही बाजू सारख्या लागतात. नाहीतर वळणावर गाडी एका अंगाला झुकते. माझा पंपांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे, मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. मी एकदा ताणकाटा नेऊन दिला. मिस्त्रींनी तो खुंटीला अडकवला. "काटा वजन सांगतोय. दांडी मधीच कुठं ढिली पडती, ते सांगतोय व्हय?"

शॉकअपविषयी ते घरच्या माणसासारखे बोलायचे. "ह्यो म्हंजे घरातला थोरला. धक्का ह्यानं खायाचा, बाकीच्यांनी निवांत जेवायचं." एक हौशी गृहस्थ शर्यतीच्या गाडीसारखे कडक शॉकअप करून मागायला आले, तेव्हा म्हणाले, "करतो की पावणं. पर मग कंबर दाखवायला हिकडं येऊ नगासा."

वडील गेल्यावर मी गाडी विकायला काढली. मिस्त्री म्हणाले, "विका की. आधी एकदा चालवून तर बगा." शेजारी बसून त्यांनी मला जोतिबाच्या घाटात नेले. गाडी अजून माझ्याकडेच आहे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. महिन्याभरात ते गॅरेजात हजर. "काय न्हाय, हाताला जरा मुंग्या आलत्या." मी नेहमीप्रमाणे गाडी दाखवून शॉकअप लावून घेतले आणि रविवारी जोतिबाला निघाले. घाटात प्रत्येक डाव्या वळणाला गाडी उजवीकडे झुकायला लागली. दुसऱ्या दिवशी परत नेली. मिस्त्री खड्ड्यात उतरले, डोळे मिटले आणि चिडले. "दोन्ही सारख्या हायत. रस्ता बगून चालवा की जरा."

त्यांनी चहाचा ग्लास डाव्या हाताने उचललेला मी मघाशी पाहिला होता. काठावरून, चार माणसांदेखत, मी म्हणाले, "चाचा, तोंड फिरवून उभे राहा. हात बदलून बघा."

ते फिरले. आता डावी दांडी उजव्या हातात आली. एकदा हलवली, दोनदा हलवली. मग हात तसेच वर ठेवून थांबले. उजव्या हातातले बळ गेले होते. त्या हाताला उजवी दांडी जड लागायची, म्हणून ते तिचा स्क्रू ढिला करत गेले होते, दोन्ही हातांना सारखे वाटेपर्यंत.

"गाडीचं काय चुकलं न्हाय ताई," ते खालूनच म्हणाले. "हातच खोटं बोलतोय."

मग त्यांनी एकट्या डाव्या हाताने, आधी एक बाजू आणि मग दुसरी, असे करत शॉकअप लावून दिले. दुपार गेली. मी म्हणाले, "आता असंच करत जा की."

"तुमची झाली. झटक्यानंतर आणि पाच गाड्या ह्याच हातानं केल्यात, त्यांचं काय?"

पाचही मालकांना निरोप गेले. कुणी हातकणंगल्याहून आले, कुणी गावातलेच. पाचही गाड्या त्यांनी डाव्या हाताने पुन्हा लावल्या. शेवटची गाडी बाहेर पडली त्या संध्याकाळी गॅरेजला कुलूप लागले, ते त्यांनी पुन्हा उघडले नाही. घरी बसले. चार महिन्यांनी दुसरा झटका आला, त्यातून ते उठले नाहीत.

मी चाचींच्या सांत्वनाला घरी गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमी घरात बगत हुतो की. जेवताना हातातला घास सांडायचा. पोरं बगायची, मी बगायची. कुणाची जीभ उचलली न्हाय. तुमी बोललासा."

त्यात आभार होते की राग, हे मी विचारले नाही.

तशी वेळ पुन्हा आली तर मी तेच सांगेन. त्या गाड्यांत माणसे बसत होती. पण वरून सांगणार नाही. खड्ड्यात उतरेन, त्यांच्या शेजारी उभी राहीन आणि त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल असे सांगेन.