फटकेबाईंचा हात

प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टरना खऱ्या नावाने ओळखणारा माणूस त्या इमारतीत शोधून सापडला नसता. त्या फटकेबाई. मूल जन्मलं आणि गप्प राहिलं, की दोन्ही पाय एका हातात धरून त्याला उलटं टांगायचं आणि दुसऱ्या हाताने सणसणीत फटका द्यायचा. मूल टाहो फोडायचं, बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक हात जोडायचे आणि फटकेबाई अशा थाटात घाम पुसायच्या, जणू बाळंत त्याच झाल्या आहेत. एखादं मूल नाहीच रडलं, तर ‘देवाची मर्जी’ म्हणायला बाई मोकळ्या. यश फटक्याचं, अपयश देवाचं. वाटणी अगदी चोख होती.

त्यांचा जावईसुद्धा याच खोलीत जन्मलेला आणि याच हाताचा प्रसाद खाऊन रडलेला. जावयाला जन्मतःच मारायचा मान दुसऱ्या कुठल्या सासूला मिळाला असेल? बाकीच्या बिचाऱ्या लग्नापर्यंत थांबतात आणि मग नुसत्या टोमण्यांवर भागवतात. विहीणबाई तर ही कथा येईल-जाईल त्याला रंगवून सांगत.

मग कुठूनसं प्रशिक्षण घेऊन एक नवी सिस्टर आली. सोबत तिने रबरी बाहुली आणली आणि सगळ्यांना टेबलाभोवती उभं करून शिकवायला लागली. मुलाला उलटं टांगायचं नाही, मारायचं नाही. पुसून कोरडं करायचं, पाठ चोळायची. तरी श्वास घेत नसेल, तर वेळ न दवडता तोंडा-नाकावर मास्क बसवायचा, त्याला जोडलेला रबरी फुगा दाबून हवा द्यायची आणि छाती वर येते का ते बघायचं.

“म्हणजे आम्ही इतकी वर्षं काय माशा मारत होतो?” फटकेबाईंनी विचारलं.

“नाही, मुलं मारत होतात,” असं नवी सिस्टर म्हणाली नाही. चांगल्या घरची मुलगी होती. तिने मुकाट्याने मास्क बाईंच्या हातात दिला. बाईंनी फुगा दाबला. हवा मास्कच्या कडेने फुस्स करून निघून गेली आणि बाहुलीची छाती ढिम्म हलली नाही. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“बाहुली मेलेलीच आणलीय हिने,” असं म्हणून बाई चहाला निघून गेल्या. नाचता येईना, अंगण वाकडं! पण हे त्यांच्या तोंडावर बोलणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला डॉक्टरही तयार नव्हते. तेही त्यांना वचकून असत.

लेकीचे दिवस भरले तेव्हा बाईंनी जाहीर केलं, की मूल मीच हातात घेणार. विहीणबाईंनी नाटकाला यावं तशी सकाळीच बाकावरची दाराजवळची जागा धरली. “फटका इथपर्यंत ऐकू येतो ना हो?” असं त्यांनी आयाबाईला दोनदा विचारूनही घेतलं.

नात जन्मली. निळसर, लुळी पडलेली, आणि गप्प. डॉक्टर लेकीचा रक्तस्राव थांबवण्यात गुंतले होते. नाळ कापली गेली आणि बाईंच्या हाताने आपलं ठरलेलं काम केलं. पाय धरले, उलटं टांगलं, फटका. काही नाही. आणखी एक. काहीच नाही.

“आई, ती रडत का नाही गं?” लेकीने मान उचलून विचारलं.

बाईंनी पुन्हा हात उगारला आणि तो वरच अडला. बाई घाबरल्या होत्या. दुसऱ्यांची मुलं गप्प राहिली तेव्हा हा हात असा कधी अडला नव्हता.

“बाई, द्या इकडे,” नवी सिस्टर म्हणाली. आणि ज्यांनी कधी कुणाला साधी कात्री दिली नव्हती, त्या बाईंनी नात देऊन टाकली.

तिने बाळाला उबेच्या टेबलावर ठेवून झटकन पुसलं, पाठ चोळली, मास्क लावून फुगा दाबला. छाती हलली नाही.

“हवा बाहेर जातेय. बाई, मास्क तुम्ही धरा, दोन्ही हातांनी. हनुवटी किंचित वर. फुलाचा वास घेताना मान असते ना, तशी. मी दाबते.”

बाईंनी धरला. जन्मभर नावाजलेल्या त्या हातांना आता नुसतं स्थिर राहायचं होतं, आणि तेच महाकठीण होतं. फुगा दाबला गेला. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. बाई मनातल्या मनात कुणाकुणाच्या पाया पडत होत्या. हळूहळू ओठांचा निळेपणा उतरला, एक पाय हलला, आणि पोरीने स्वतःचा श्वास स्वतः घेतला. रडली मात्र नाही. नुसती कुरकुरली.

बाई बाहेर आल्या तर विहीणबाई रुसलेल्या.

“आवाज कसा नाही आला?”

“श्वास घेतेय. आज डॉक्टर नजरेखाली ठेवतील.”

“पण रडली नाही ना? द्या की एक ठेवून, माझ्या लेकाला दिली होतीत तशी. मग माझ्या जिवाला चैन पडेल.”

“तुमच्या लेकाला मी फुकटच मारलं हो,” बाई म्हणाल्या. “त्याला नुसतं पुसलं असतं तरी रडला असता.”

“अगं बाई! आणि जी मुलं नुसत्या पुसण्याने रडली नसती, ती?” विहीणबाईंनी आपलं सहज विचारलं.

फटकेबाई बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या. “त्यांच्या वेळी मी देवाचं नाव सांगायचे,” त्या म्हणाल्या.