माझ्या पाठीमागचा मास्तर

दसऱ्याला सचिन गावातल्या लूम कारखान्यात मागांवर देखरेख करणाऱ्या मास्तरने माझ्या पुतण्याचा हात मोडला. लाकडी दांडा असा बसला की हाडाचा आवाज मी पाठमोरा असूनही ऐकला. आमच्यात पूजा झालेली मशीन दुसऱ्या दिवसापर्यंत चालवत नाहीत. मास्तरला माल काढायचा होता.

"खटका दाब," तो म्हणाला.

"हार चढलेला आहे, मास्तर. आज नाही."

मास्तरला अडवायला पोराने खटक्यावर हात पसरला आणि दांडा त्याच हातावर पडला. दुसरा पाठीत. पोरगं खाली पडलं, तरी वरून लाथ.

चौकीत मास्तर म्हणाला, "हात मशीनमध्ये गेला." कारखान्यात वीस वर्षं काढलेले लोकही गप्प. पण त्याच वेळी माझी मुलगी लूमसमोर माझा फोटो काढत होती. मी तोच फोटो माझ्या फोनवर चौकीतल्या साहेबांना दाखवला. माझ्या मिशीचा केस न केस दिसत होता, मागे नुसतं धुकं.

साहेब हसले. "काका, आमां तो तमे ज छो! यात तर तुम्हीच. हिरोच दिसता."

मला ते हसू झोंबलं. तसाच पर्वत पाटिया भागातल्या मोबाइलच्या दुकानात गेलो. "तुमचा फोन खोटारडा आहे," म्हटलं.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "बाबा, मोठ्या कॅमेऱ्याची काच मोठी, तिच्यात मागचं आपोआप धूसर होतं. फोनची काच एवढीशी. म्हणून तो तुमची कड शोधतो आणि बाकीचं स्वतः पुसतो. चुकतोही. ही बघा, कानाची पाळी पुसलीय तुमची."

"मग मास्तर कुठे गेला?"

"तुमच्याकडे व्हॉट्सअॅपवर आलाय तो शिजलेला फोटो, मागचं पुसून झालेला. कच्चा, न पुसलेला, असला तर ज्या फोनने काढला त्यात."

मुलीला आणि पुतण्याला घेऊन पुन्हा चौकीत गेलो. पोरगं वाटेत सारखं म्हणत होतं, "जाऊ द्या ना काका, मना हातच मोडना, मी तं जित्ता शे." मी म्हटलं, "गप. आज हात मोडून जिवंत राहिलास, उद्या डोकं फुटेल."

साहेबांनी मास्तरला बोलावून घेतलं. तो खुर्चीत रेलला. "फोनमध्ये काहीही बनवता येतं साहेब. म्हातारा हट्टी आहे."

मी त्याची कॉलर धरली. एका गुद्द्यात त्याचा ओठ फुटला. दुसरा बसायच्या आत शिपायाने मला भिंतीवर आदळलं. मला त्या गुद्द्याचं काही वाटत नाही, आजही वाटत नाही.

"आबा, थांबा!" मुलगी ओरडली. तिने आपल्या फोनमध्ये तो फोटो उघडला आणि खालची धूसरपणाची पट्टी बोटाने डावीकडे ओढली. माझ्या खांद्यामागचं धुकं विरलं. वर उचललेला दांडा, मास्तरचे विचकलेले दात, खटक्यावर पसरलेला पोराचा पंजा. तिने पट्टी उजवीकडे नेली, धुकं. डावीकडे, मास्तर.

साहेब आता हसत नव्हते. "लिहून घ्या," ते शिपायाला म्हणाले.

तक्रार लिहून झाली. सही करायला पोराला उजवा हात नव्हता, कोपरापर्यंत प्लास्टर. शिपायाने शाईची डबी पुढे सरकवली. माझा बाप अंगठा उठवायचा. मी तिसरीपर्यंत रडतखडत शिकलो, ते आमच्या घरात पुन्हा कुणाचा अंगठा उठू नये म्हणून. पोरगं बारावी पास. मास्तर ओठाचं रक्त पुसत बघत होता, आणि त्याच्यासमोर मला पोराचा डावा अंगठा शाईत दाबावा लागला.