नावाने हाक मारणारी एकच होती

परवा दवाखान्यात नर्सने मला 'बाई' म्हणून हाक मारली आणि लगेच जीभ चावली. सॉरी मॅडम म्हणाली... गोंदियात आता बाई म्हणजे भांडी घासणारी. मला राग आला नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी रागवायलाही ताकद लागते.

घरी येऊन पडले आणि कामठा आठवलं. छप्पन-सत्तावन साल असेल. मी एकोणीस वर्षांची, शाळेतली नवी मास्तरीण, म्हणून सगळ्या गावाची बाई. माझ्या माहेरी आईला बाई म्हणत, त्यामुळे कुणी हाक मारली की आधी आईच आठवायची...

घरमालकांकडे थोरल्या लेकीला बाई म्हणत. शेजारचा छत्तीसगडी गवंडी बायकोला 'मोर बाई', म्हणजे माझी बाई, म्हणायचा. एवढ्या बायांत उषा हे माझं नाव कुठेच नव्हतं. फार एकटी पडले होते, कंटाळून गेले होते.

शेवटी त्या गवंड्याच्या बायकोला, सुखवतीला म्हटलं, तू तरी मला नावाने हाक मार. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून तिने अशी काही 'उषाऽ' म्हणून हाक दिली की चार बाया वळून बघू लागल्या. मग रोजच...

राखीच्या दुसऱ्या दिवशी ती भोजली घेऊन आली. भोजली म्हणजे टोपलीत, अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब. तिने ते माझ्या कानावर खोसले, माझ्याकडून स्वतःच्या कानावर खोसून घेतले आणि गळाभेट घेतली. मला वाटलं, सणाची रीत असेल.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती मला 'भोजली' म्हणाली. मी म्हटलं, अगं, उषा म्हण ना. तिने तोंडावर हातच ठेवला.

"अब तोर नाव नइ लेवंव. पाप परथे."

घरमालकीणबाईंनी समजावलं. कानावर भोजली खोसली की दोघी जन्माच्या बहिणी आणि मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. "पहिलेच इचारलं काऊन नाही, बाई?"

खरं सांगते, मी खोलीत जाऊन रडले. गावात माझं नाव घेणारं एकच तोंड होतं, तेही मीच बंद केलं. त्याच दिवशी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला.

तो द्यायच्या आधीच मला तापाने गाठलं. सुखवती आपला संसार नवऱ्यावर टाकून माझ्या खोलीत राहायला आली. आठ दिवस... मी पुन्हापुन्हा म्हणायचे, घरी जा. ती म्हणायची, "भोजली अस ना?" मी तिची भोजली आहे, तिच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

एका सकाळी पेज करायला चूल पेटेना. तिला वाचता येत नव्हतं. टेबलावरचा कागद तिने उचलला, चुरगळला आणि चुलीत घातला.

मी पडल्यापडल्या पाहत होते. थांबवलं नाही. पुढे तीस वर्षं नोकरी केली.

परवा त्या नर्सने नंतर कागद बघून माझं पूर्ण नाव पुकारलं, आडनावासकट, अगदी स्पष्ट. तेव्हा जाणवलं... नावाने हाक मारणारे आता पुष्कळ आहेत. भोजली म्हणणारं कुणी उरलं नाही.