टोचलेल्या नऊ फ्लॉप्या

आमच्या घरी संगणक आला तेव्हा मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत दुसरा संगणक नव्हता, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. माझी मुलगी विश्वविद्यालयात, घाटांवर साचणाऱ्या गाळावर प्रबंध लिहीत होती. तिच्या मामांनी रेल्वेतल्या ओळखीतून एक जुने यंत्र मिळवून दिले आणि दोन वर्षे तिचे सारे लेखन त्यात साठत गेले. मी आठवीत शाळा सोडली असली, तरी कचेरीच्या आवारात बसून वीस वर्षे लोकांच्या दरखास्ती, म्हणजे सरकारी अर्ज, लिहिलेला माणूस आहे. कागदावर न उतरलेले लेखन नेमके राहते कोठे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नसे. घरात कोणी नसताना मी त्या डब्याला कान लावून आतली घरघर ऐकत असे.

पुढे यंत्रात जागा उरेना. लंका मोहल्ल्यातला एक मेकॅनिक मोठी हार्ड डिस्क बसवून द्यायला तयार झाला. जुनी डिस्क पुसून तो बदल्यात नेणार होता. त्यापूर्वी सगळा मजकूर फ्लॉप्यांवर उतरवून ठेवा, नंतर मी जबाबदार नाही, असे त्याने बजावले. ही अट मला अत्यंत योग्य वाटली.

ठरलेल्या दिवशी सकाळी मुलीने नऊ प्रकरणे नऊ फ्लॉप्यांवर उतरवली. काळे, चपटे, हातात किंचित वाकणारे ते चौकोन तिने माझ्या हवाली केले. तिला विभागात जायचे होते.

"अप्पा, या क्रमाने एकत्र ठेवा. एकही इकडेतिकडे व्हायला नको," एवढे सांगून ती गेली.

क्रमाने एकत्र ठेवणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवावे अशी वेळ आलेली नव्हती. साहेबांच्या मेजावर सुटा कागद गहाळ होतो आणि एखाद्याची जमीन जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी प्रथम नऊ नगांची यादी केली. मग प्रत्येक फ्लॉपीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, दोन्ही कडांपासून बोटभर आत, टोच्याने भोक पाडले, दोरा ओवला आणि मागच्या बाजूला पक्की गाठ मारली. गठ्ठा देखणा झाला होता.

दुपारी मेकॅनिक आला. सगळे उतरवले ना, असे त्याने विचारले. मी यादी दाखवली. त्याने जुनी डिस्क पुसली, काढली, नवी बसवली आणि फ्लॉप्या मागितल्या. मी गठ्ठा पुढे केला. त्याने तो उलटून गाठ पाहिली.

"मुंशीजी, ये फ्लॉपी है, दरखास्त नहीं."

तेवढ्यात मुलगी परतली. पहिले प्रकरण तेवढे तिने कागदावर छापून घेतले होते. बाकीची आठ आता त्या गठ्ठ्याखेरीज जगात कोठेही नव्हती. ती खुर्चीवर टेकली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, कुठल्या प्रकरणाला भोक पाडलंत?"

"सगळ्यांना," मी म्हणालो.

मेकॅनिकने दोरा कापला आणि एकेक फ्लॉपी यंत्रात सरकवू लागला. यंत्र करकरे, आम्ही तिघे पडद्याकडे पाहत राहू, आणि मग अक्षरे उमटत. आठ प्रकरणे अशी सुखरूप बाहेर आली. नववी फ्लॉपी, जिच्या पाठीवर माझी गाठ होती, ती मात्र आत फिरेना. तिच्यावर प्रबंधाचे निष्कर्ष होते. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी कापलेला दोरा गोळा करू लागलो.

मेकॅनिकने खिशातून ब्लेड काढले, वेष्टनाची एक कड चिरली आणि आतून तपकिरी, झुळझुळीत, गोल चकती ओढून काढली. लाज विसरून मी पुढे वाकलो. बाहेरून चौकोनी दिसणारी वस्तू आत गोल होती! चारही कोपरे रिकामे. माझी भोके त्या रिकाम्या जागेत पडली होती. ओढून मारलेल्या गाठीने वेष्टन चिमटले गेले आणि चकती अडकली, एवढेच काय ते झाले होते. अक्षरे कोठे आहेत, असे मी विचारले. ती दिसत नाहीत, असे तो म्हणाला. मी बोट पुढे केले, तेव्हा मुलीने माझे मनगट धरले.

त्याने एक कोरी फ्लॉपी चिरली, तिच्या वेष्टनात ही चकती सरकवली आणि यंत्रात घातली. करकर झाली. निष्कर्ष पडद्यावर आले.

मुलीने लांब श्वास सोडला. "पण कोपऱ्यातच का टोचलंत?"

"अक्षरावर टोचा चालवायचा नसतो," मी म्हणालो. "म्हणून कडेला."

त्यानंतर फ्लॉप्या तिच्या कपाटात कुलुपात गेल्या आणि किल्ली तिच्या आईकडे. चार महिन्यांनी प्रबंध छापून झाला. बांधणीवाल्याकडे नेण्यापूर्वी पाने सुटी होती. तिने तो पानांचा गठ्ठा आणि माझा टोचा माझ्यासमोर आणून ठेवला.

"हे मात्र तुम्हीच ओवा, अप्पा. डावीकडे समास जास्त सोडलाय."