पाखराची वाट बघणं

थंडीत धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले, की शहरातली माणसं माझ्या होडीत बसायला येतात. गळ टाकतात, माशासंगं फोटो काढतात आणि तोंड फाटलेल्या त्या माशाला परत पाण्यात सोडतात. वर ह्याला दया म्हणतात. काल एकजण घड्याळ बघून म्हणाला, "बाबा, अर्धा तास झाला, तुमचे पक्षी जवळ येईनात."

"ते काय तुझे नोकर हायेत?"

असल्यांना वाट बघणं काय ठाऊक? बायकोच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा ह्याच काठावर मी दुपारपर्यंत हात जोडून उभा होतो. तिचा जीव ह्या होडीत. "होडी विकणार नाही, चालवीन," असं कबूल केलं, तेव्हा कुठं शिवला. म्हणून असली माणसं घेऊन अजून वल्ही मारतो.