काविळीची माळ

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझा थोरला भाऊ तिथल्या कचेरीत कारकून लागला. मी तेव्हा नांदेडला सर्जन होतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर हे माझं वेड. पोट न दुखता कावीळ झालेला माणूस दिसला की मी सावध व्हायचो. पण असे पेशंट यायचे फार उशिरा, आणि बहुतेकांच्या अंगावर माळ असायची. आमच्याकडं कावीळ झाली की मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवतात. ती सुटत सुटत गळ्यात येते, मग कमरेपर्यंत. माळ उतरली की कावीळ उतरली म्हणतात. खरं तर दोरा सैल होतो, एवढंच. गाठ आत वाढतच असते.

हे मी देवणीकडच्या आमच्या गावात पारावर बसून घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. आई तर शेजारणींना दटावायची, "माळबीळ काही न्हाई, आधी माझ्या लेकाकडं जावा."

त्या वर्षी दुष्काळ होता. भाऊ कचेरीच्या कामानं नांदेडला यायचा, माझ्याकडं जेवायचा. आईचं विचारलं की म्हणायचा, "लई मजेत हाय. तू येऊ नको, टँकरच्या पाण्यावर पाव्हणा कशाला?" मी विश्वास ठेवला. सख्खा भाऊ होता.

उन्हाळा सरता सरता त्यानंच तिला जीपमधून आणलं. डोळे हळदीसारखे, अंगभर खाजवल्याचे ओरखडे, आणि माळ कमरेपर्यंत उतरलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, माझ्या घरचं खाऊन माझ्याशीच खोटं बोललास?"

त्यानं आईला धरून आत नेलं.

दवाखान्याचे नळ आटले होते. सिस्टरनं मगानं पाणी ओतलं, मी हात धुतले. आईला दुसऱ्या कुणाच्या हाती देववेना. पोट उघडलं तर गाठीनं मोठी रक्तवाहिनी कवटाळलेली. पित्ताला वाट करून दिली आणि टाके घातले.

शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "काढलीस का रं गाठ?"

"न्हाई, आई. लई उशीर झाला. दादानं मला कळूच दिलं न्हाई."

तिनं डोळे मिटले. "त्याला बोलू नगं. मीच शपथ घातली व्हती. तुझ्या सुरीचं भ्या वाटलं."

तिला आणल्यापासून भावावरच्या रागानं मी कसाबसा उभा होतो. आता तोही आधार गेला. गावभरच्या बायांना तिनं माझ्या हाताची ग्वाही दिली होती. ती स्वतः तेवढी त्या हाताला भ्याली.